कीर्तनाच्या व्हिडिओत आवाज हळूहळू सरकतो: ऑडिओ कन्व्हर्ट करण्याआधी काय तपासायचं

सप्ताहातलं कीर्तन. व्हिडिओ ट्रायपॉडवरच्या मोबाइलवर घेतलेला, आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून पेनड्राइव्हमध्ये, कारण मोबाइलच्या माइकमध्ये मंडपातला गलकाच जास्त येतो. घरी येऊन दोन्ही फाइल टाइमलाइनवर टाकल्या, सुरुवात जुळवली, पहिली दहा मिनिटं सगळं छान. दुसऱ्या तासाला बघावं तर पखवाजावर हात पडतो एकदा आणि थाप ऐकू येते दुसऱ्यांदा. मग कुणीतरी सांगतं, "एमपीथ्री आहे ना ती, वेव्हमध्ये कन्व्हर्ट कर." केली. आवाज जिथे होता तिथेच.

भजनी मंडळ, शाळेचं गॅदरिंग, एकांकिका, लग्न, ज्यात ज्यात आवाज वेगळा घेतला जातो तिथे हे होतं आणि पुन्हा पुन्हा होतं. याचं कारण, "ऑडिओ जुळत नाही" या एकाच तक्रारीमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात. त्यातल्या काहींना कन्व्हर्ट करणं हाच उपाय आहे, काहींना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि एक-दोन ठिकाणी चुकीच्या कन्व्हर्टमुळेच गोंधळ सुरू होतो. म्हणून आधी मोजा, मग कन्व्हर्ट करा. खाली मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम दिला आहे.

फाइलच्या आत काय आहे ते बघा

फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शन फक्त बाहेरचं वेष्टण सांगतं. आत आवाज कुठल्या पद्धतीने साठवला आहे, म्हणजे कोडेक कोणता, ते वेगळंच असू शकतं. व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट ओग वेष्टणात असते आणि आत ओपस असतो. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर ती घेतच नाहीत. मग लोक नाव बदलून पुढे 'एमपीथ्री' लिहितात. नाव बदलल्याने आतला ओपस बदलत नाही, उलट पुढच्या माणसाला खरं काय आहे ते कळेनासं होतं.

मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि दोन्ही फाइल त्यात उघडा. व्हीएलसी आधीच असेल तर टूल्समध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' उघडलं तरी निम्मं काम होतं. चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: ऑडिओचा कोडेक, सॅम्पल रेट (तो काय ते खाली येईल), बिट रेट (सेकंदाला किती डेटा) कॉन्स्टंट म्हणजे एकसारखा की व्हेरिएबल म्हणजे बदलता, आणि व्हिडिओचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कॉन्स्टंट की व्हेरिएबल. ही शेवटची ओळ बहुतेक जण बघत नाहीत आणि मोबाइलच्या व्हिडिओत बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

फाइल मुळात इम्पोर्टच होत नसेल तर प्रश्न सोपा आहे. विंडोज किंवा लिनक्सवर ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ एडिटरला एमफोरए उघडायला एफएफएमपेगची (ऑडिओ-व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं मोफत साधन) लायब्ररी वेगळी लागते. ती बसवली की फाइल उघडते. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व या व्हिडिओ एडिटरची मोफत आवृत्ती वापरत असाल तर एएसी (एमफोरए आणि एमपीफोरमध्ये सहसा असणारा कोडेक) आवाज येणारच नाही, ट्रॅक मुका राहील. तिथे वेव्ह करून घेणं हाच मार्ग.

फरक किती आहे आणि कसा वाढतो

निदानाची किल्ली इथे आहे. सुरुवातीला एक ठसठशीत जागा पकडा, जिथे टाळ वाजताना दिसतो आणि ऐकूही येतो. तशीच एक अगदी शेवटी पकडा. सुरुवात नेमकी जुळवून घ्या आणि शेवटी किती फरक पडला ते मोजा.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर तो नुसता उशीर आहे. ऑडिओचा ट्रॅक तेवढा मागेपुढे सरकवला की काम संपलं. जोडून झालेल्या, एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत हे तपासायचं असेल तर व्हीएलसीत 'जे' आणि 'के' ही बटणं दाबून बघा. दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे सरकतो. सुरुवातीला जुळवलेलं शेवटीही जुळलेलं राहिलं तर उशीर, नाही तर सरकणं.

सरकत असेल तर एका तासाला किती, ते बघा. आकडा स्वतःच कारण सांगतो. तासाला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सरकत असेल तर ती दोन यंत्रांच्या घड्याळांतली तफावत. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल तर कुठेतरी २९.९७ चा व्हिडिओ ३० चा समजला गेला किंवा उलट. हा फरक हजारात एकाचा आहे, म्हणजे ३६०० सेकंदांत ३.६ सेकंद. तासाला जवळजवळ पाच मिनिटं जात असतील आणि बुवांचा आवाज बारीक किंवा जाड झाला असेल, तर सॅम्पल रेट चुकीचा वाचला गेला आहे. आणि फरक कधी वाढतो, कधी थांबतो, पुन्हा वाढतो, असं काही असेल तर ऑडिओला हात लावू नका, आधी व्हिडिओ तपासा.

आणखी एक प्रकार: एका ठरावीक जागेपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे एकदम उडी. हे रेकॉर्डिंग मध्येच तुटल्याचं लक्षण. पेनड्राइव्ह संथ असेल तर लिहिताना तुकडा गळतो, किंवा रेकॉर्डर मोठी फाइल आपोआप दोन फाइलींत तोडतो आणि जोडावर थोडा आवाज हरवतो. उडीच्या जागी ट्रॅक कापा, पुढचा भाग नव्याने जुळवा. कुठल्याही कन्व्हर्टरने हरवलेला तुकडा परत येत नाही.

४४१०० आणि ४८०००

सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात आवाजाची किती मोजमापं घेतली. गाण्यांच्या जगात ४४१००, व्हिडिओच्या जगात ४८००० असा रिवाज आहे. गंमत म्हणजे ४४१०० हा आकडाही व्हिडिओच्याच पोटातून आला. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत; एका फील्डमधल्या (फील्ड म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या निम्म्या ओळी) २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ सॅम्पल आणि सेकंदाला ६० फील्ड यांचा गुणाकार ४४१००. आपल्याकडच्या ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या की तोच आकडा येतो. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

व्हिडिओला ४८००० बरा पडतो याचं साधं कारण भागाकारात आहे. २४ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला ४८००० चे बरोबर २००० सॅम्पल येतात, ४४१०० चे १८३७.५. अर्धं सॅम्पल कुठे ठेवणार? आजची सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात, पण कॅमेरे, मोबाइल आणि एडिटिंगचे प्रोजेक्ट ४८००० वरच चालतात, म्हणून आपणही तिकडेच जावं.

आता मुख्य धोका. ४४१०० ची फाइल कुणी ४८००० ची समजून वाजवली तर तासाभराचं कीर्तन ५५ मिनिटं ७.५ सेकंदांत संपतं आणि आवाज पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने वर चढतो. काळी दोनमध्ये गाणारे बुवा पांढरी तीनच्याही थोडे पलीकडे गेल्यासारखे वाटतात. ज्याला पेटी कळते त्याच्या हे तत्काळ लक्षात येतं, आणि म्हणूनच मंडळातल्या पेटीवाल्याला एकदा व्हिडिओ ऐकवणं ही उत्तम तपासणी आहे.

हे बहुतेक वेळा ऑडॅसिटीमध्ये घडतं. तिथे ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की एक यादी उघडते, तिच्यात 'रेट' आहे. तिथे ४४१०० चे ४८००० केले की आवाज बदलत नाही, फक्त वाचण्याचा वेग बदलतो, आणि वरची सगळी गडबड होते. योग्य जागा वरच्या मेनूत आहे: ट्रॅक्स, त्यात 'रिसॅम्पल'. तिथे ४८००० दिलं की सॉफ्टवेअर नवीन सॅम्पल गणित करून काढतं. लांबी तीच, स्वर तोच. नाहीतर एक्स्पोर्ट करताना सॅम्पल रेट ४८००० निवडा, परिणाम सारखाच.

याच कारणासाठी ज्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये सॅम्पल रेट निवडता येत नाही किंवा दिसतसुद्धा नाही, तो या कामाला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष व्हिडिओचा असेल तर

रात्रीच्या मंडपात उजेड कमी. पुष्कळ मोबाइल अशा वेळी फ्रेम रेट आपोआप खाली आणतात, दिव्याचा झोत आला की पुन्हा वर नेतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ बरोबर लिहिलेली असते, म्हणून मोबाइलवर आणि व्हीएलसीत व्हिडिओ नीट चालतो. काही एडिटर मात्र सगळे फ्रेम एकसारख्या अंतराचे धरून चालतात आणि चित्र इकडेतिकडे सरकतं. दोष आवाजाला लागतो, सरकलेलं असतं चित्र.

खात्री करण्याची पद्धत अगदी सोपी. टाइमलाइनवर मिक्सरचा आवाज बंद करा आणि व्हिडिओ मोबाइलच्या स्वतःच्या आवाजासह बघा. तो आवाजही चित्राशी जुळत नसेल, आणि तीच फाइल व्हीएलसीत जुळत असेल, तर कारण सापडलं. हँडब्रेक या मोफत व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ठरावीक निवडा (मीडियाइन्फोने दाखवलेल्या सरासरीच्या जवळचा, बहुधा ३०) आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा. दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवला तर डोळ्याला फरक जाणवत नाही. या नव्या फाइलवर मिक्सरचा ऑडिओ जुळवा. टाइमलाइनचा फ्रेम रेटही तोच हवा. दाविंची रिझॉल्वमध्ये एकदा क्लिप टाइमलाइनवर गेल्या की तो बदलता येत नाही, म्हणून प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या ठरवून टाका.

काही फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ही आपोआप कमी-जास्त होण्याची सोय बंद करता येते. पुढच्या सप्ताहाआधी ती शोधून ठेवा.

दोन यंत्रं, दोन घड्याळं

मोबाइल ४८००० म्हणतो, रेकॉर्डरही ४८००० म्हणतो, पण दोघांच्या आतले क्रिस्टल तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. दहा लाखांत २० इतकाच फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, दोन तासांच्या कीर्तनात १४४. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत दिलेली मर्यादा अशी: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला जाणवतो, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. आवाज मागून येण्याची कानाला सवय आहे. दूरवर कुणी घण मारत असेल तर घाव आधी दिसतो. म्हणून जुळवताना शंका आली तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे कधीच नको.

या कारणावर फॉरमॅट बदलून काहीही होत नाही. दोन उपाय आहेत. एक गणिताचा: समजा व्हिडिओत पहिल्या आणि शेवटच्या खुणेत ६६०० सेकंद आहेत आणि ऑडिओत ६६००.४. म्हणजे ऑडिओ ०.००६ टक्के लांब आहे. ऑडॅसिटीच्या वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये टक्केवारी भरता येते, नवीन लांबीही भरता येते, तिथे ०.००६ टक्के वेग वाढवा. एवढ्याने स्वरात पडणारा फरक कुणाच्याच कानाला कळणार नाही.

दुसरा उपाय हाताचा आणि कीर्तनासाठी मला तोच आवडतो. पूर्वरंग संपतो, बुक्का लावतात, हार घालतात, मधेच बुवा पाणी पितात. अशा शांत जागी ऑडिओ ट्रॅक कापायचा आणि पुढचा तुकडा फ्रेम-दोन फ्रेम सरकवून जुळवायचा. दोन तासांत अशा चार-पाच जागा सहज मिळतात. अभंग चालू असताना मात्र कधीही कापू नका. ठेका तुटतो आणि ते लगेच ऐकू येतं.

मागे उभा असलेला कॅमेरा

हा मुद्दा सांगायला हवा, कारण सगळं बरोबर करूनही आवाज थोडा मागे वाटतो तो यामुळे. बरीच सॉफ्टवेअर दोन ऑडिओंच्या लाटा बघून आपोआप जुळवून देतात. जुळवतात कशाशी? कॅमेऱ्याच्या माइकशी. कॅमेरा व्यासपीठापासून २० मीटरवर असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात, कारण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मिक्सरला तो आवाज माइकमधून ताबडतोब मिळालेला असतो. म्हणजे आपोआप जुळवणीने मिक्सरचा चांगला आवाजही तेवढाच उशिरा बसवला. जुळवणी झाल्यावर ऑडिओ दीड-दोन फ्रेम आधी ओढा, टाळाकडे बघत. पखवाजाची थाप हाताखाली बसते तेव्हा कळतं.

मग कन्व्हर्ट कशात आणि कधी

एडिटिंगला बसण्याआधी प्रत्येक ऑडिओ एकदाच वेव्हमध्ये करून घ्यावा: पीसीएम (न दाबलेला, कच्चा आवाज), ४८०००, १६ किंवा २४ बिट. एमपीथ्रीची वेव्ह केल्याने दर्जा वाढत नाही, गेलेलं गेलेलंच. फायदा वेगळा आहे. व्हेरिएबल बिट रेटच्या एमपीथ्रीत अमुक सेकंद नेमका कुठे आहे हे काही एडिटर अंदाजाने शोधतात आणि चुकतात. वेव्हमध्ये अंदाजाला जागाच नसते. "वेव्हमध्ये कन्व्हर्ट कर" हा सल्ला या एका कारणावर अगदी अचूक लागू पडतो.

शिवाय एमपीथ्री आणि एएसी बनवताना एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो. एएसीत ती २११२ सॅम्पल असणं सर्रास आढळतं, ४८००० ला ती ४४ मिलिसेकंद होते, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओतला एक पूर्ण फ्रेम आणि वर थोडं. ही शांतता किती ते फाइलमध्ये नोंदवता येतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ती नोंद वाचतंच असं नाही. एमफोरएची एमपीथ्री, तिची पुन्हा एएसी, असं करत गेलं की प्रत्येक फेरीत दर्जाही झिजतो आणि उशीरही साठू शकतो. मध्ये फक्त वेव्ह, आणि एएसी एकदाच, अगदी शेवटी.

सोपं साधन म्हणून शटर एन्कोडर घ्या. मोफत आहे, आतून एफएफएमपेगच चालवतं, आणि पाच-पन्नास फाइल एकदम टाकता येतात. फाइल ओढून टाका, फंक्शनमध्ये वेव्ह निवडा, सॅम्पल रेट ४८००० आहे ना ते बघा, सुरू करा. कमांड लिहायची सवय असेल तर थेट एफएफएमपेग वापरा.

जागेचा हिशोब ठेवा. ४८०००, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १७ एमबी घेते, दोन तासांना २ जीबीच्या थोडं वर. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी आहे, म्हणजे या दर्जाने चार तास आठ मिनिटं. रात्रभराचा हरिजागर एका फाइलमध्ये मावणार नाही, १६ बिटमध्येसुद्धा सव्वासहा तासांच्या आतच संपतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर तिथेही ४ जीबीचीच भिंत. तुकडे करा आणि जोडाच्या जागी थोडा भाग दोन्हीकडे राहू द्या.

कुणी व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते.

हेडफोनवर आवाज आहे, मोबाइलवर नाही

हे कन्व्हर्टचं भूत नाही, पण कन्व्हर्ट करताना उघडकीला येतं म्हणून इथेच सांगतो. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटला (एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांवर देणाऱ्या) साधी वायर लावून ती रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये घातली, की डाव्या आणि उजव्या बाजूला तोच आवाज उलटसुलट नोंदला जातो. एक लाट वर जाते तेव्हा दुसरी खाली. हेडफोनवर तो पोकळ, डोक्याच्या बाहेरून आल्यासारखा वाटतो पण ऐकू येतो. एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकत्र होतात, एकमेकींना खाऊन टाकतात, आणि बुवांचे ओठ हलतात पण शब्द येत नाही. स्टिरिओचा मोनो करतानाही नेमकं हेच होतं.

ऑडॅसिटीत ट्रॅक मोठा करून बघा. डावी लाट आणि उजवी लाट एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसेल. ट्रॅकच्या यादीतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, एक बाजू सरळ काढून टाका आणि उरलेली मोनो म्हणून ठेवा. दोन्ही मिसळायच्या नाहीत. एकाच कानात आवाज येतो ही तक्रारही याच पद्धतीने सुटते: रिकामी बाजू काढा, भरलेली मोनो ठेवा.

शेवटचं एक्स्पोर्ट

यूट्यूबसाठी एमपीफोर, आत एएसी, ४८०००. यूट्यूबची स्वतःची शिफारस स्टिरिओला ३८४ केबीपीएस आणि मोनोला १२८ केबीपीएस अशी आहे. कीर्तन बहुधा मोनोच असतं, तरी मी स्टिरिओतच देतो, कारण काही टीव्ही मोनोला एकाच स्पीकरमधून वाजवतात.

मंडळाच्या लोकांना पेनड्राइव्हवर द्यायचं असेल आणि टीव्हीवर चित्र दिसून आवाज येत नसेल, तर आत एएसी आहे ना ते आधी बघा. ओपस किंवा पीसीएम असेल तर बरेच टीव्ही हात वर करतात. त्यासाठी सगळा व्हिडिओ पुन्हा एक्स्पोर्ट करत बसू नका. शटर एन्कोडरमध्ये 'रिप्लेस ऑडिओ' आहे: व्हिडिओ आणि नवा ऑडिओ दोन्ही टाका, ऑडिओला एएसी निवडा, चित्राला धक्का न लागता फक्त आवाज बदलतो. दोन तासांच्या फाइललाही फार वेळ लागत नाही. देण्याआधी फाइल शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन टाळ आणि हात एकदा बघून घ्या.